रकान्याबाहेरचे नुकसान

धामणगाव बढे येथे आपत्ती आली, हे गावाबाहेर फारसे कुणाला कळत नाही. अजिंठ्याच्या रांगांजवळ, बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात हे गाव वसले आहे. आसपास कपाशी, सोयाबीन, मका. कधी ऐन ऑगस्टात पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो. कधी सोयाबीन सोंगणीला आले की आभाळ उघडत नाही. कधी हरभरा घाटे धरतो आणि त्याच रात्री गारपीट होते. अशा वेळी घर पडत नाही, माणूस दगावत नाही. फक्त वर्ष जाते. वाहिन्यांच्या गाड्या येत नाहीत, धान्याचे ट्रक येत नाहीत. येतो तो पटवारी.

महाराष्ट्रात आपत्तीनंतरच्या मदतीची दोन टोके आहेत. एका टोकाला १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तिथे साऱ्या जगातून माणसे, तंबू, कपडे, पैसा आणि तज्ज्ञ आले. दुसऱ्या टोकाला धामणगाव बढेसारखी शेकडो गावे. तिथे मदत म्हणजे पंचनामा, यादी आणि बँकेच्या खात्यात पडणारी एक रक्कम. दोन्हीकडच्या माणसांचा अनुभव मात्र एका ठिकाणी जुळतो: मदत देणाऱ्याचे माप आधी ठरलेले असते, आणि आपले नुकसान त्या मापात कसे बसवायचे हे काम घेणाऱ्याकडे येते. ही खटपट बाहेरच्याला दिसत नाही. गावात ती महिनोन् महिने चालते.

पहिला दिवस शेजाऱ्यांचा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही आणि आजूबाजूची गावे कोसळली. सुमारे ८ हजार माणसे गेली. लष्कर पोचेपर्यंत ढिगारे उपसले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांतून धावत आलेल्यांनी, हातांनी, फावड्यांनी, मोडक्या दारांच्या फळ्यांनी. जगभर असेच घडते. ढिगाऱ्याखालून जिवंत निघणाऱ्या बहुतेकांना शेजारीच काढतात, कारण पहिल्या काही तासांत दुसरे कुणी हजरच नसते.

त्यानंतर सोयरे येतात. पीठ, तेल, चटणी, पांघरूण घेऊन येतात आणि जाताना लेकरांना आपल्या गावी नेतात. या मदतीची नोंद कुठल्याच अहवालात नसते, पण घरोघरी ती पक्की असते. लग्नाच्या आहेराची जशी वही असते, तसाच हा हिशेब मनात राहतो आणि पुढे कधीतरी फेडला जातो. फेडता येते म्हणून ती घेताना मान खाली जात नाही.

अनोळखी माणसाच्या ट्रकचे तसे नसते. त्याचे परत काही करता येत नाही. किल्लारीच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी दोन-दोन सालगडी होते, अशा शेतकऱ्यांनाही ताट घेऊन रांगेत उभे राहावे लागले. भूकंपाने घर पाडले होतेच. रांगेत घराण्याची पत गेली, आणि तिचा पंचनामा कुणी करत नाही.

ट्रक थांबतो तिथवर

बाहेरून आलेल्या मदतीचा पहिला नियम साधा आहे: रस्ता जिथे संपतो, तिथे ट्रक थांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या वाटेला मदतीच्या गाड्यांची रीघ लागली होती. डांबरी रस्त्यालगतच्या गावात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नाही, आणि तीन-चार किलोमीटर आतल्या वस्तीवर कुणी फिरकलेले नाही, असे चित्र अनेक ठिकाणी होते. मदत आणणारा दोन दिवसांची रजा काढून आलेला असतो. त्याला संध्याकाळी परत निघायचे असते आणि निघण्याआधी वाटल्याचे फोटो हवे असतात. आपल्या वाडीवर ट्रक वळवायचा तर कुणाला तरी फाट्यावर उभे राहावे लागते. फाट्यावर उभा राहणारा तरुण ज्या आळीतला, त्या आळीत पहिली पोती उतरतात. गावातली जुनी उतरंड अशा वेळी पुसली जात नाही, उलट ठळक होते.

दुसरी गोष्ट जुन्या कपड्यांची. किल्लारीनंतर मुंबई-पुण्यातून आणि कुठून कुठून कपड्यांचे गठ्ठे आले. नऊवारी नेसणाऱ्या बायकांपुढे पंजाबी ड्रेस आणि मॅक्सी, धोतर-बंडीतल्या म्हाताऱ्यांपुढे फाटक्या जीन्स. देणाऱ्याच्या घरातले कपाट रिकामे झाले आणि रस्त्याकडेला ढीग साचले. पुढे प्रत्येक आपत्तीत असे ढीग दिसले, तरी शहरातल्या सोसायट्यांच्या दारात ‘आपत्तीग्रस्तांसाठी जुने कपडे’ अशी पाटी लागतेच.

सरकारी शिध्यालाही माप असते. २०१९ च्या पुरात घर सलग दोन दिवस पाण्यात असेल तर १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ, अशी अट कागदावर आली आणि मोठा गदारोळ झाला. चूल एका तासात विझते. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या घरातले पीठ आणि दोन दिवस राहिलेल्या घरातले पीठ सारखेच भिजलेले असते. त्याच पुरात शिध्याच्या पुड्यांवर नेत्यांच्या छायाचित्रांचे स्टिकर चिकटलेले दिसले, त्यावरही टीका झाली.

आपत्तीतील मदतीसाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ नावाची मानके आहेत. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, असे आकडे त्यात दिले आहेत. ते गरजेचेच आहेत. मात्र शेतकरी कुटुंब तंबूत जायला कां-कूं करते ते जनावरांपायी. बैलजोडी आणि गाभण म्हैस बाहेर चिखलात उभी असेल, तर घरातला एक माणूस तंबूत झोपतच नाही.

पटवारी वावरात येतो तेव्हा

आता धामणगाव बढेकडे. सरकार दरबारी ‘तलाठी’ हे पदनाम अलीकडेच बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला आहे. गाव अजून पटवारी आणि ग्रामसेवकच म्हणते. हे दोघे आणि कृषी खात्याचा गावपातळीवरचा कर्मचारी, अशा तिघांनी मिळून पिकाचा संयुक्त पंचनामा करायचा असतो. तिघांकडेही एकाहून अधिक गावे असतात आणि अतिवृष्टी एकाच गावात होत नाही.

अतिवृष्टी म्हणजे काय, हेही ठरलेले आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. मंडळात अनेक गावे असतात आणि पर्जन्यमापक एका ठिकाणी. ढग मात्र मंडळाच्या हद्दी ओळखत नाही. यंत्राजवळ ५८ मिलिमीटर पडला आणि डोंगराकडच्या शिवारात धुरे फोडून पाणी वाहिले, तर पहिला वाद यंत्राशीच होतो. रोज चाळीस-पन्नास मिलिमीटर असा सलग आठवडाभर पडलेला पाऊसही बराच काळ या व्याख्येत नीट बसत नव्हता. मग सततच्या पावसासाठी वेगळे निकष काढावे लागले.

पंचनाम्याची वेळ हा सगळ्यात नाजूक भाग. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत पाहणी झाली, तर पऱ्हाटी वरून हिरवीगार दिसते. मुळे कुजलेली असतात, पण मर दिसायला आठवडा जातो. पातेगळ झाली की झाड उभेच असते, फक्त त्याला बोंड लागत नाही. ते रस्त्यावरून दिसत नाही, ओळीत शिरून पाते वेचून दाखवावे लागते. सोयाबीनचे उलटे. सोंगून लावलेल्या ढिगात पाणी शिरले की शेंगेतच कोंब फुटतात. ते नुकसान डोळ्यांपुढे असते, मात्र पाहणी लांबली तर शेतकऱ्याला ते सडके पीक तसेच ठेवावे लागते. काढून टाकले आणि हरभऱ्यासाठी रान मोकळे केले, तर दाखवायला काही उरत नाही. ठेवले, तर पेरणीचा वाफसा जातो. या पेचात बरेच जण वावराचा एक कोपरा तसाच राखून उरलेल्यावर पाळी घालतात. मोबाइलवर तारीख आणि ठिकाण उमटलेला फोटो काढून ठेवायचे, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे.

पंचनाम्यातला कळीचा आकडा ३३. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तरच मदत. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती, त्या वर्षी केंद्राने ती खाली आणली. उभ्या पिकाकडे पाहून ३० टक्के कुठले आणि ३५ कुठले हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे पटवाऱ्याला ठाऊक असते, शेतकऱ्यालाही. त्यामुळे पाहणी धुऱ्यावर उभे राहून होते, आकडा बोलण्यातून ठरतो, आणि पंच म्हणून सही करणारे दोघे बहुधा त्याच धुऱ्यावरचे शेजारी असतात. काही गावांत सगळ्यांचे सरसकट लिहिले जाते, काही गावांत वादावादीवर निभते. सरसकट लिहिणाऱ्या पटवाऱ्याला गाव भला माणूस म्हणते, वर जाब द्यायची पाळी आली तर तो एकटा असतो.

पीक विम्याचे गाडे वेगळ्याच रुळावर चालते. अनेक वर्षे नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विमा कंपनीला कळवणे बंधनकारक होते, आणि नेमक्या त्याच ७२ तासांत गावातली वीज व मोबाइलची रेंज दोन्ही गेलेली असत. विम्याचे आणि सरकारचे पंचनामे निरनिराळे, निकष निरनिराळे. एकच वावर एका कागदावर बुडालेले आणि दुसऱ्यावर शाबूत, असे होऊ शकते.

पंच्याऐंशी रुपये आर

गाव ज्याला नुकसानभरपाई म्हणते, त्याला सरकार ‘निविष्ठा अनुदान’ म्हणते. या दोन शब्दांच्या मधे सगळा गैरसमज आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ही रक्कम येते. त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. निधीचा हेतू गेलेल्या पिकाची किंमत देण्याचा नाही. पुढच्या पेरणीला बी-खत घेता यावे, एवढाच तो आहे. शेतकरी मात्र घरात येणार होते त्या कापसाच्या क्विंटलांत हिशेब करतो.

केंद्राच्या निकषानुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, ते २ हेक्टरपर्यंत. जिरायताचा दर आरला ८५ रुपये पडतो, एकराला सुमारे ३,४४०. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची किंमत ९०१ रुपये होती. एकराला दोन पाकिटे धरली तर १,८०२. डीएपीची एक गोणी १,३५० रुपये. इथवर ३,१५२ झाले. उरलेल्या २८८ रुपयांत निंदायला येणाऱ्या एका बाईचा जेमतेम एक दिवस निघतो. डवरणी, फवारणी, वेचणी या हिशेबात आलेलीच नाही.

दर आणि मर्यादा सरकार अधूनमधून बदलते. महाराष्ट्राने २०२२ मध्ये जिरायतासाठी हेक्टरी १३,६०० रुपये आणि ३ हेक्टरची मर्यादा दिली होती. मे २०२५ मध्ये राज्य पुन्हा केंद्राच्या दरावर आणि २ हेक्टरांवर आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा, सोलापूर आणि इतरत्र प्रचंड अतिवृष्टी झाली. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, मर्यादा पुन्हा ३ हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा देण्याचे ठरले. कोणत्या वर्षी आपत्ती आली यावर तेच नुकसान वेगळ्या किमतीचे होते. पारावर ‘त्या साली जास्त आले होते’ अशी तुलना चालते, तिचे मूळ हे.

जमीनच वाहून गेली तर रकाना बदलतो. २२ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्याच जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याकडून पाणी उतरले आणि नदीनाल्यांकाठची माती घेऊन गेले. केंद्राच्या निकषांत शेतात ३ इंचांपेक्षा जाड गाळ साचला तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० आणि जमीन खरडून वा प्रवाह बदलून गेली तर ४७,००० रुपये धरलेले आहेत, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकांनाच. खाली मुरूम उघडा पडलेल्या वावरात पुन्हा हातभर माती आणायची, तर टिप्परच्या किती खेपा लागतील याचा अंदाज धुऱ्यावरचा कुणीही देतो. ४७,००० चा आकडा त्याच्या आसपासही पोचत नाही. शिवाय ती माती कुणाच्या तरी दुसऱ्या वावरातून किंवा तलावातूनच आणावी लागते.

ज्यांचे नाव सातबारावर नाही

वऱ्हाडात शेत ठोक्याने किंवा बटईने करणारे पुष्कळ. ठोकेदार वर्षाचे पैसे आगाऊ मोजतो, बी-खत-मजुरी घालतो, रात्री रानडुकरे राखतो. सातबारा मालकाच्या नावावर असतो आणि मालक बुलढाण्याला किंवा पुण्याला. करार बहुधा तोंडी, कारण लेखी दिले तर कूळ लागेल ही धास्ती अजून गेलेली नाही. अतिवृष्टीचे अनुदान मालकाच्या खात्यात पडते. काही मालक ते उचलून देतात, काही अर्धे देतात, काही पुढच्या वर्षीच्या ठोक्यात वळते करू म्हणतात. याविरुद्ध दाद मागायची तर आपण ठोकेदार आहोत हे आधी सिद्ध करावे लागते.

शेतमजुराला तर रकानाच नाही. कापूस बुडाला म्हणजे वेचणी बुडाली, आणि वेचणी किलोवर असते. दिवाळीच्या सुमारास घरात येणारी ती मोठी मजुरी गेली तर ती बाई कुणाला पंचनामा दाखवणार? तिचे शेत नाही, म्हणून नुकसान नाही. विधवा किंवा माहेरी परतलेल्या बाईचे वारसफेरफारात नाव लागलेले नसले, तर यादीत दिराचे नाव येते. सामाईक गटात चार भावांची नावे असली तर बाकीच्या तिघांचे संमतीपत्र लागते. एक भाऊ सुरतेला, एकाशी बोलचाल बंद. अनुदानाची रक्कम पाच हजार आणि संमतीपत्रासाठी मारलेल्या चकरा त्याहून महाग.

यादीत नाव आले तरी काम संपत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर यादी लागते. नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन सेतू केंद्रात जायचे आणि अंगठा लावून आधार प्रमाणित करायचे. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, विळा धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्या ओळखत नाही. मग ओला फडका, पुन्हा अंगठा, मग दुसरे बोट. सेतूवाला म्हणतो, सर्व्हर डाउन आहे, उद्या या. उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला. २०२५ च्या ऑक्टोबरात, ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना या ई-केवायसीतून सूट मिळाली. मग गर्दी ओळख क्रमांक काढण्याच्या रांगेत सरकली.

पैसे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुणी मोबाइलचे सिम घेताना नकळत पेमेंट बँकेचे खाते उघडून बसलेला असतो, रक्कम तिकडे पडते आणि तो जिल्हा बँकेच्या शाखेत पासबुक भरून घेत राहतो. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये असे आदेश दर वेळी निघतात. दर वेळी काढावे लागतात, यावरून काय ते समजावे.

या सगळ्या वाटेवर एक नवा धंदा उभा राहिला आहे. यादीतले नाव शोधून देणारा, ऑनलाइन तक्रार टाकणारा, साहेबाला फोन लावणारा माणूस हल्ली गावोगावी असतो. त्याला पैसे द्यावे लागतात किंवा पुढच्या निवडणुकीत मत. त्याच्याविषयी गावात रागही असतो आणि गरजही.

माळवदातून सिमेंटात

किल्लारीच्या पट्ट्यात मदतीचे माप घराच्या आकारात उतरले. भूकंपात माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाखाली. लाकडी पाटईवर फूट-दीड फूट मातीचा थर असे हे धाबे उन्हाळ्यात घर गार ठेवते, हादऱ्यात तेच वजन अंगावर येते. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली. घराचे क्षेत्रफळ जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. ज्याची शेती मोठी त्याचे बैल, औजारे, धान्य जास्त, असा त्यामागे तर्क होता. खाणारी तोंडे किती, हे त्या तर्कात नव्हते. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखीच जमीनदोस्त केली होती, पुनर्वसनाने त्यांत पुन्हा तीन पायऱ्या पाडल्या.

नवी गावे प्रशस्त झाली. रुंद रस्ते, सरळ रांगा, प्रत्येकाला स्वतंत्र अंगण. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, बाई ओट्यावर बसून चार घरांशी बोलत असे. नव्या गावात पाण्याची वाहिनी, दिवाबत्ती, गटारे सगळे लांबले आणि त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेली. शेत दूर पडले. औसा तालुक्यातल्या गुबाळ येथे तर घुमटाकार घरे बांधली गेली. भूकंपाला ती भक्कम, यात वाद नाही. पण गोल भिंतीला कणग्या आणि कपाट टेकत नाही, आणि मुलाचे लग्न झाले की खोली वाढवायची कुठून? बहुतेक नव्या गावांत काही वर्षांतच घरांपुढे पत्र्याच्या पडव्या उभ्या राहिल्या. चूल, जनावरे, कडबा तिथे गेला. देणाऱ्याने बांधलेले घर आणि राहणाऱ्याने वाढवलेले घर यांच्या मधली ती पडवीच गावाचा खरा अभिप्राय होता, आणि तिच्यासाठी कुणी अनुदान दिले नव्हते.

जी गावे हलवली नाहीत, तिथे जुनी घरे दुरुस्त आणि मजबूत करण्यासाठी घरमालकांना हप्त्याहप्त्याने मदत मिळाली. या कामाची तऱ्हा निराळी होती. घरमालकानेच गवंडी लावायचा, साहित्य आणायचे, अभियंत्याने पाहून पुढचा हप्ता सोडायचा. पहिला काळ गोंधळाचा गेला. कोणता हप्ता कशासाठी, भिंतीत आडवा बंधपट्टा का घालायचा, कुणालाच कळेना. मग ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजारावर गावांत बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. घरोघरी जाऊन नियम सांगणे, गवंड्याने कोपऱ्यात गज टाकला की नाही ते पाहणे, अडलेल्या हप्त्यासाठी तहसिलीत जाणे, ही कामे त्यांनी केली. ओट्यावर कधी न बसलेल्या अभियंत्यासमोर त्यांनी सिमेंटच्या गोण्या मोजल्या. जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. तोवर त्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक झाली होती, ती म्हणजे मदत येण्याआधी तिचे नियम विचारून घ्यायचे असतात.

मुलांच्या बाबतीतही एक मोठा प्रयोग झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे वाघोलीला त्यासाठी संकुल उभे राहिले. ट्रकमधून आलेले कपडे महिन्यात मातीमोल झाले, या मुलांचे शिक्षण वर्षानुवर्षे चालले. तरी शिकलेला मुलगा गावी परतेल, ही आशा अनेक घरांत आशाच राहिली.

खडी आणि गाळ

बुलढाण्याच्या म्हाताऱ्या माणसांना मदत म्हटले की १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्या मदतीचे रूप कष्टाचे होते. हातोडीने खडी फोडायची, नालाबांध आणि पाझर तलावावर माती टाकायची, आठवड्याने मजुरी घ्यायची. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की तुटे, रंग मनाला येत नसे. तरी ती खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती. कामावर सातबारा लागत नसे. हजेरीपटावर नाव आणि फोडलेल्या खडीचे माप एवढेच पुरे, म्हणून भूमिहीन आणि बायका मोठ्या संख्येने आल्या. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि पुढे देशाने तो धडा उचलला. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना दुष्काळात हक्काने काही मिळण्याची महाराष्ट्रातली ही सर्वांत ठोस सोय. आज अतिवृष्टीनंतर घरी बसलेली वेचणारी बाई मागते तेही काम, आणि ते मागून वेळेवर मिळेल याची खात्री तिला नसते.

दुष्काळावरचा अलीकडचा इलाज यंत्राचा आहे. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात सुजलाम सुफलाम मोहीम हाती घेतली आणि १३४ जेसीबी-पोकलेन यंत्रे उतरवली. सोबत राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना होती. यंत्र संस्थेचे, डिझेल सरकारचे, गाळ फुकट. वाहून न्यायचा शेतकऱ्याने. तलाव खोल होतो आणि हलक्या रानावर काळ्या गाळाचा थर चढतो, म्हणजे खरडून गेलेल्या जमिनीला जे अनुदान पुरत नाही ते इथे मातीच्या रूपाने मिळते. आतापर्यंत पाहिलेल्या मदतींत गावाच्या हिशेबाशी सगळ्यात जवळची हीच.

माप मात्र इथेही आहे. गाळ ट्रॉलीवर मोजला जातो आणि भाडे अंतरावर. ज्याचे ट्रॅक्टर स्वतःचे, तो दिवसाला वाटेल तितक्या खेपा करतो. ज्याला भाड्याने घ्यावे लागते तो दहा-पंधरा ट्रॉल्यांवर थांबतो आणि त्या वावराच्या एका कडेला पसरतो. तलावापासून लांबच्या शिवारात ट्रॉली परवडतच नाही. दोन एकर हलके रान असलेला शेतकरी कृषी केंद्राची उधारी फेडायची की गाळ टाकायचा, हे ठरवेपर्यंत मे महिना सरत येतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तलावात उतरायची वाट चिखल होते, यंत्रे वर काढली जातात, आणि न उचललेला गाळ पुन्हा पाण्याखाली जातो.